एचआयव्ही आणि सुटणारा धागा: संगणकावर कार्यरत स्मृतीचा पाच आठवड्यांचा सराव

किराणा दुकानदार 'एकशे सत्तेचाळीस झाले' म्हणतो, तुम्ही दोनशेची नोट पुढे करता आणि सुटे हातात पडेपर्यंत 'त्रेपन्न' हा आकडा मनात धरून ठेवता. हा आकडा जिथे धरला जातो ती कार्यरत स्मृती. शाळेतली कविता आठवणं हे निराळं खातं. इथे काही सेकंदांपुरतं धरायचं, त्यावर काहीतरी करायचं आणि सोडून द्यायचं, एवढाच व्यवहार असतो. एचआयव्ही असलेल्या बऱ्याच जणांचं नेमकं हेच खातं कमजोर पडतं. बोलता बोलता धागा सुटतो. काउन्सेलरने सांगितलेल्या तीन गोष्टींतली एकच घरी पोचते. आणि 'गोळी घेतल्याचं आठवतंय ते आजचं की कालचं?' हा प्रश्न दर दोन दिवसांनी पडतो.

यात आळस किंवा निष्काळजीपणा नसतो. संसर्ग झाल्यावर थोड्याच काळात विषाणू रक्तातल्या पेशींवर स्वार होऊन मेंदूत पोचतो. विचार करणाऱ्या चेतापेशींत तो सहसा शिरत नाही. त्यांची राखण करणाऱ्या मायक्रोग्लिया पेशींत घर करतो. तिथे दाह धुमसत राहतो आणि मेंदूचा पुढचा भाग व खोलवरचे गाभे जोडणाऱ्या जाळ्याला त्याची झळ लागते. लक्ष, वेग, कार्यरत स्मृती ही सगळी याच जाळ्याची कामं. एआरटी, म्हणजे एचआयव्हीला दाबून ठेवणारी रोजची औषधं, आल्यापासून डिमेन्शियापर्यंत (स्मृती-विचार ढासळून रोजचं जगणं अवघड होण्यापर्यंत) जाणारे पेशंट फार कमी झाले, पण सौम्य तक्रार शिल्लक राहिली. २००७ सालच्या आंतरराष्ट्रीय निकषांत या सगळ्या त्रासाच्या तीन पायऱ्या आहेत: फक्त चाचणीत दिसणारी, रोजच्या कामात थोडी आडवी येणारी आणि डिमेन्शिया. हा सराव पहिल्या दोन पायऱ्यांवरच्या माणसासाठी आहे.

किती अपेक्षा ठेवायची ते आधीच सांगतो. ज्या खेळाचा सराव कराल त्यात आणि त्याच्यासारख्या चाचण्यांत सुधारणा होते, हे अनेक अभ्यासांत दिसलं आहे. त्यामुळे बुद्धी वाढते किंवा सगळं आयुष्य सुरळीत होतं, याचा पुरावा कच्चा आहे. २०१६ साली अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने लुमोसिटी या मेंदूच्या खेळांच्या अ‍ॅपच्या कंपनीला अशाच फुगवलेल्या जाहिरातींसाठी २० लाख डॉलर भरायला लावले. दुसरीकडे, अलाबामा विद्यापीठाच्या बर्मिंगहॅम केंद्रात डेव्हिड व्हान्स यांच्या गटाने २०१२ मध्ये चाळिशीपुढच्या एचआयव्ही असलेल्या लोकांकडून सुमारे दहा तास वेगाचा संगणकी सराव करून घेतला. त्यांत रोजच्या कामांची वेळ लावून घेतलेली चाचणीही सुधारली. अभ्यास छोटा होता आणि सराव स्मृतीचा नव्हे, वेगाचा होता. म्हणून इथली सगळी पद्धत एका नियमावर उभी आहे: स्क्रीनवरचे गुण सरावापुरते, सुधारणा मोजायची ती घरातल्या एका ठरावीक कामावर.

सुरू करण्याआधी

पुढच्या तारखेला एआरटी सेंटरवर जाल तेव्हा विसरण्याची तक्रार डॉक्टरांना सांगा आणि ग्रीन बुकात (सेंटरच्या तुमच्या उपचार-वहीत) लिहून घ्या. आंतरराष्ट्रीय एचआयव्ही डिमेन्शिया स्केल ही पाचेक मिनिटांची चाळणी आहे: बोटं वेगाने आपटणं, हाताच्या तीन मुद्रा क्रमाने करणं, चार शब्द थोड्या वेळाने आठवणं. गुण १२ पैकी, आणि १० किंवा कमी आले तर पुढची तपासणी. कमी शिकलेल्या माणसाचे गुण नुसत्या सवयीअभावीही घसरतात, त्यामुळे एका आकड्यावरून घाबरू नका.

व्हायरल लोड (रक्तातलं विषाणूचं प्रमाण) दबलेला नसेल तर आधी ते काम. वाहत्या नळाखाली फरशी पुसण्यात अर्थ नाही. मग बाकीचे चोर शोधा: बी-१२ ची कमतरता (पूर्ण शाकाहारी माणसांत आणि मधुमेहाचं मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत नेहमी आढळणारी), थायरॉइड, रक्तातली साखर, दारू, अपुरी झोप, उदासी. उदासीत स्मृती अगदी एचआयव्हीच्या तक्रारीसारखीच वागते, आणि तिचा इलाज वेगळा आहे. औषधंही पाहा. सर्दीची गोळी, गुंगी आणणारं खोकल्याचं औषध, झोपेची गोळी यांनी दुसऱ्या दिवशीची सकाळ जड जाते. डोल्युटेग्राविर असलेल्या टीएलडी या एआरटीच्या गोळीने काहींची झोप उडते. तसं असेल तर ती रात्रीऐवजी सकाळी घेता येईल का, हे डॉक्टरांना विचारा. स्वतःहून वेळ हलवू नका.

आणि हे दिसलं तर सराव बाजूला ठेवून त्याच दिवशी रुग्णालय गाठा: तापासह न थांबणारी डोकेदुखी, झटका येणं, एका बाजूचा हातपाय लुळा पडणं, चार-आठ दिवसांत वाढलेला गोंधळ, नजर अचानक बिघडणं. यामागे मेंदूतला दुसरा संसर्ग असू शकतो.

काय लागेल

जुना चालेल असा संगणक किंवा लॅपटॉप, माउसपेक्षा कीबोर्ड महत्त्वाचा, कानात घालायचा साधा वायरचा हेडफोन, शंभर पानी वही आणि पेन. प्रोग्राम म्हणून 'ब्रेन वर्कशॉप' पुरतो: फुकट, मुक्त स्रोत, एकदा उतरवला की इंटरनेट नको, खातं उघडणं नको. मोबाइलच असेल तर असा एन-बॅक (काही पावलांपूर्वीचं आठवायचा खेळ, पुढे समजावला आहे) अ‍ॅप निवडा जो तुमच्या गुणांनुसार अवघडपणा आपोआप वरखाली करतो, ऑफलाइन चालतो आणि फोन नंबर मागत नाही. संपर्क यादीची परवानगी मागणारा खेळ लगेच काढून टाका.

चाळिशीचा चष्मा असेल तर तो लावूनच बसा. हे लिहावं लागतं, कारण पहिल्या आठवड्यातली निम्मी 'स्मृतीची' चूक चौकोन नीट न दिसल्याची निघते.

पहिली मोजणी

पहिल्या दिवशी खेळ उघडायचाच नाही. दोन गोष्टी मोजायच्या.

एक, अंकांची. घरातला विश्वासू माणूस सेकंदाला एक या संथ लयीत अंक वाचेल, तुम्ही तसेच परत म्हणायचे. सुलट: ७-२-५, मग ४-९-१, नंतर चार अंकी ३-८-१-६, ९-५-२-७, पाच अंकी ६-१-९-४-८, २-७-३-८-५. पुढच्या लांबीच्या जोड्या स्वतः करा. अंक पुन्हा येऊ द्यायचा नाही आणि ओळीने चढता क्रम ठेवायचा नाही. दोन्ही चुकले की थांबायचं, शेवटची जमलेली लांबी लिहायची. उलट मोजताना दोन अंकांपासून सुरू करून ऐकलेलं शेवटाकडून म्हणायचं: ५-१-८ ऐकलं तर ८-१-५.

इथे मराठीचा एक सापळा आहे. आपण दोन अंकी संख्या एककापासून बोलतो. 'चार, सात' ऐकून मनात 'सत्तेचाळीस' केलं की सात आधी जिभेवर येतो. उलट सांगायचं असेल तर फुकटची मदत, सुलट सांगताना घोळ. म्हणून अंक सुटे धरायचे, जोड्या लावायच्या नाहीत. वाचणाऱ्यानेही 'चार... सात' असं सपाट आवाजात म्हणायचं. फोन नंबरच्या चालीत म्हटलं की जोड्या आपोआप पडतात.

दोन, कामाची. असं एक काम निवडा जे आठवड्यात किमान सात वेळा येतं आणि झालं की नाही याचं उत्तर 'हो' किंवा 'नाही' असंच असतं. गोळी सगळ्यात सोयीची. बाटली ३० गोळ्यांची असते. २८ दिवसांत २८ जायला हव्यात; २६ गेल्या तर ९३ टक्के, आणि सेंटरवर ९५ ची रेघ धरतात. बाटलीत हिशेबापेक्षा कमी गोळ्या उरल्या असतील तर तेही लिहा. म्हणजे कधीतरी विसरून दोनदा घेतली गेली, आणि ती चूक चुकलेल्या गोळीइतकीच कार्यरत स्मृतीची आहे. तुमची गोळी कधीच चुकत नसेल तर दुसरं काम घ्या: चार वस्तू चिठ्ठीशिवाय आणणं, गॅसचा रेग्युलेटर बंद करणं. या कामाची एक आठवड्याची नोंद सराव सुरू होण्याआधी हवी. नंतर आठवून लिहिलेली नोंद निरुपयोगी, कारण तक्रार आठवण्याचीच आहे.

खेळ कसा चालतो

तीन गुणिले तीनच्या जाळीत एक चौकोन उमटतो, विझतो, दुसरीकडे उमटतो. 'दोन-बॅक' म्हणजे आत्ताचा चौकोन दोन पावलांपूर्वीच्या जागीच आला असेल तर कळ दाबायची. अंकांत समजा: ४, ९, ४, १, ७, १. तिसऱ्या अंकाला दाबायचं, कारण दोन मागे ४ होता. सहाव्याला दाबायचं, कारण दोन मागे १ होता. बाकी वेळी हात थांबवायचा. प्रत्येक पावलाला डोक्यातली यादी एक घर सरकते, जुना अंक टाकावा लागतो. दमवतं ते हे टाकणं.

ब्रेन वर्कशॉपमध्ये फेरी स्पेसबारने सुरू होते, जागेच्या जुळणीला ए, आवाजाच्या जुळणीला एल. एका फेरीत २० अधिक पातळीचा वर्ग इतकी पावलं: एक-बॅकला २१, दोन-बॅकला २४, तीन-बॅकला २९. एक पाऊल तीन सेकंदांचं, म्हणजे दोन-बॅकची फेरी ७२ सेकंदांत संपते. उघडल्या उघडल्या प्रोग्राम जागा आणि आवाज दोन्ही एकदम, दोन-बॅकवर देतो. नव्या माणसासाठी हे फार आहे, आणि इथेच बहुतेक जण सोडून देतात. एम दाबून मॅन्युअल मोडमध्ये जा, सीने फक्त जागेचा खेळ निवडा, पातळी एकवर आणा, एका पावलाचा वेळ चार सेकंद करा. एचआयव्हीत स्मृतीसोबत वेगही मंदावतो. वेळ अपुरा असेल तर चूक स्मृतीची की घाईची हे कळतच नाही.

आवाजाचा खेळ पुढे घ्याल तेव्हा इंग्रजी अक्षरं ऐकू येतील. स्वस्त स्पीकरवर 'सी' आणि 'टी' एकसारखे लागतात, म्हणून हेडफोन सांगितला. इंग्रजी अक्षरांची सवय नसेल तर आवाजाचा खेळ घेऊच नका. जागेचा एकटा खेळ पाच आठवडे पुरतो.

रोजचा अर्धा तास

आठवड्याला पाच दिवस, पाच आठवडे, २५ बैठका. स्वीडनच्या कॅरोलिन्स्का संस्थेत टॉर्केल क्लिंगबर्ग यांच्या कामातून निघालेल्या 'कॉगमेड' कार्यक्रमाचा साचा हाच, आणि कामधंदा सांभाळून माणसाला झेपतो तो साधारण एवढाच. एक सोपी फेरी बोटं सरावायला, ती वहीत लिहायची नाही. मग दहा फेऱ्या, प्रत्येकीनंतर डोळे मिटून अर्धा मिनिट. शेवटी पाच मिनिटं स्क्रीन बंद करून तेच काम हाताने: सोबतीने (अंक वाचणाऱ्या घरच्या माणसाने) पाच जिन्नस सांगायचे, तुम्ही ते शेवटाकडून म्हणायचे, किंवा दोन जिन्नसांच्या किमती मनात बेरजायच्या. शेवटचा भाग कंटाळवाणा म्हणून सगळे गाळतात. तो गाळू नका. खेळ आणि बाजार यांना जोडणारा दुवा तेवढाच आहे.

वेळ सकाळची, नाश्त्यानंतर. रात्री जेवून बसलात तर गुण झोपेचे येतात. ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर जाणाऱ्याने हंगाम संपल्यावर सुरुवात करावी. दोन आठवडे करून महिनाभर खंड पडला तर पुन्हा पहिल्यापासून धरावं लागतं.

पातळी बदलण्याबद्दल आमचं मत प्रोग्रामपेक्षा सावध आहे. आपोआप मोडमध्ये ८० टक्के मिळाले की तो लगेच वर नेतो आणि ५० च्या खाली तीन फेऱ्या गेल्या की खाली आणतो. पहिले दोन आठवडे हाताने चालवा: एकाच दिवशी तीन फेऱ्या ८० च्या वर गेल्या तरच दुसऱ्या दिवशी एक पातळी वर, दोन फेऱ्या ५० च्या खाली गेल्या की त्याच दिवशी एक पातळी खाली. चार सेकंदांवर दोन-बॅक स्थिर झालं की आधी वेळ तीनवर आणा, मग तीन-बॅक. दोन्ही एकदम बदलू नका. तिसऱ्या आठवड्यापासून आपोआप मोड चालेल. खेळ सतत 'जेमतेम जमतोय' असा वाटला पाहिजे. सगळं बरोबर येतंय म्हणून आनंदाने एकाच पातळीवर बसलात तर तो सराव राहत नाही, विरंगुळा होतो.

वहीत एका ओळीत: तारीख, झोप किती तास, पातळी, दहा फेऱ्यांतले मधले गुण, आणि काल ठरलेलं काम झालं का. सगळ्यात चांगली फेरी लिहायचा मोह होतो. ती लिहू नका.

बिघडतं कुठे

सारखी कळ दाबत राहणं हा पहिला रोग. प्रोग्राम गुण असे काढतो: बरोबर दाबलेले, भागिले बरोबर, चुकून दाबलेले आणि सुटलेले यांची बेरीज. न दाबता बरोबर थांबलात त्याचे गुण नाहीत. सहा जुळण्यांपैकी पाच पकडल्या, पण तीनदा उगाच दाबलं, तर ५ भागिले ९, म्हणजे ५६ टक्के. 'पाच तर पकडल्या' असं वाटत असताना गुण का पडतात, ते हे. अशा वेळी एक फेरी फक्त 'नक्की असेल तरच दाबायचं' अशी खेळा.

दुसऱ्या आठवड्याच्या मध्यावर गुण घसरतात. पहिल्या आठवड्यातली चढण बरीचशी खेळ समजल्याची असते. खरी पातळी आता दिसते. सोबतीने हे आधीच सांगून ठेवावं, नाहीतर माणूस 'माझा मेंदूच गेला' असं धरून बसतो. चौथ्या आठवड्यातही तीच पातळी राहिली तर ती तुमची पातळी. तिथेच काम करा.

घरातली मुलं त्याच प्रोग्रामवर खेळून जातात आणि सकाळी तुमच्यापुढे चार-बॅक उभं राहतं. त्यांना वेगळं नाव उघडून द्या. वीज गेली, पाहुणे आले, एक दिवस बुडाला तर बुडाला; दुसऱ्या दिवशी दोन बैठका करून भरपाई करू नका, दुसरी बैठक थकव्याची होते. बोटांत मुंग्या किंवा बधिरपणा असेल तर मोबाइलची काच सोडून मोठ्या कळांचा कीबोर्ड घ्या, आणि मुंग्यांची तक्रार डॉक्टरांनाही सांगा. डोकं दुखलं तर उजेड कमी करा आणि फेऱ्या सहावर आणा. तीन दिवस तसंच राहिलं तर थांबून विचारा. टीबीची औषधं नुकतीच सुरू झाली असतील तर पहिले काही आठवडे जाऊ द्या.

गोळी खेळावर सोडायची नाही

सराव चालू आहे म्हणून अलार्म बंद केला, असं होतं. अलार्म, बाटलीची ठरलेली जागा आणि नोंद ही तिन्ही राहू द्या. नोंदीसाठी भिंतीवरच्या कालनिर्णयच्या चौकोनात पेनचं छोटं टिंब पुरे. दुधाच्या खाड्यांमध्ये कुणी विचारत नाही. टिंब गोळी गिळल्यावर, पाण्याचा पेला खाली ठेवायच्या आधी. 'नंतर करतो' म्हटलेलं टिंब कधी पडत नाही. गोळी घेतली की नाही याची शंका आली तर आठवण्याचा प्रयत्न करू नका, टिंब पाहा.

गुप्ततेचंही तितकंच जपा. वहीवर किंवा प्रोग्रामात एचआयव्ही, एआरटी, सेंटरचं नाव काही लिहू नका. 'सराव' एवढं पुरे. केंद्रात सामायिक संगणक असेल तर नावाऐवजी आकडा वापरा आणि त्या आकड्यांची यादी काउन्सेलरच्या कुलपात ठेवा. २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने तुमच्या संमतीशिवाय ही माहिती उघड करता येत नाही, आणि ती सांभाळणाऱ्या संस्थेवर ती सुरक्षित ठेवण्याची जबाबदारी आहे. गट करून सराव घेणाऱ्यांनी गुणांचा तक्ता भिंतीवर लावू नये. शंका असेल तर १०९७ ही नॅकोची (राष्ट्रीय एड्स नियंत्रण संस्थेची) मोफत हेल्पलाइन आहे.

पंचविसाव्या बैठकीनंतर

दोन दिवस सोडून अंकांची मोजणी नव्या अंकांवर, त्याच माणसाकडून, दिवसाच्या त्याच वेळी. उलट मोजणीत एक अंक वाढला तर चांगलं. दोन वाढले तर फारच चांगलं, पण आदल्या वेळी झोप झाली होती का तेही वहीत बघा. मग ठरलेल्या कामाची शेवटच्या आठवड्याची नोंद पहिल्या आठवड्याशेजारी ठेवा.

काम सुधारलं असेल तर आठवड्याला दोन बैठका तीन महिने चालू ठेवा आणि पुन्हा मोजा. खेळ चढला पण काम जागीच राहिलं, तर आणखी पाच आठवडे त्याच खेळात घालवू नका. तो वेळ चिठ्ठी, अलार्म आणि सामान ठेवायच्या पक्क्या जागा यांवर खर्च करा. खेळही चढला नाही आणि कामही घसरलं, तर ती वही पुढच्या तारखेला डॉक्टरांसमोर ठेवा. झोपेचे तास आणि गोळ्यांची मोजणी असलेली पाच आठवड्यांची नोंद 'हल्ली विसरायला होतं' या एका वाक्यापेक्षा त्यांना कितीतरी उपयोगी पडते.